९०३ झेल: वेस वेल्कर आणि स्लॉट रिसीव्हरची फॅन्टसीतली किंमत

ऑगस्ट संपत आला की आमच्या ऑफिसातल्या लीगचा ड्राफ्ट होतो. कुणाच्या तरी घरी तळघरात जमायचं, भिंतीवर मोठा कागदी तक्ता लावायचा आणि ज्याने जो खेळाडू घेतला त्याच्या नावाची पट्टी त्याच्या रकान्यात चिकटवायची. मी बॉस्टनजवळच्या उपनगरात राहतो, त्यामुळे तक्त्यावर पेट्रियट्सची, म्हणजे इथल्या न्यू इंग्लंड संघाची, नावं जरा लवकरच चढतात. २००८ साली मी पहिल्यांदा त्या तक्त्यासमोर बसलो. अमेरिकन फुटबॉल तोवर बऱ्यापैकी कळायला लागला होता, फॅन्टसीची मात्र पाटी कोरी होती. माझी पाळी आली तेव्हा शेजारी बसलेल्या, वयाने मोठ्या सहकाऱ्याला मी हळूच विचारलं, "वेस वेल्करला घेऊ का?" त्याने हो-नाही काही सांगितलं नाही. उलट मलाच विचारलं, "आपल्या लीगमध्ये झेलाला गुण आहे का, ते वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. नियमांचा कागद उलगडला, तर एका झेलाला एक गुण असं लिहिलेलं होतं. मी वेल्करला घेतलं. पुढची सात वर्षं, तेव्हा पेट्रियट्ससाठी पास झेलणाऱ्या या एका माणसाच्या आकड्यांवरून मी फॅन्टसी शिकत गेलो, आणि आजही कुणी नवखा विचारतो तेव्हा मी त्याच्याच कारकिर्दीपासून सुरुवात करतो.

खेळ कसा चालतो

ज्यांनी फॅन्टसी क्रिकेट खेळलंय त्यांना निम्मं गणित ठाऊक आहे: खरा खेळाडू मैदानावर जे करतो त्याचे गुण तुमच्या खात्यात. फरक असा की त्या अ‍ॅपवर दर सामन्याला नवा संघ निवडता येतो आणि एकच फलंदाज लाखो जणांच्या संघात असू शकतो. इथे दहा-बारा जणांची लीग असते, मोसमाआधी एकदाच ड्राफ्ट होतो, आणि एक खेळाडू एकाच मालकाचा. मी वेल्करला घेतलं की बाकी अकरा जणांना तो मिळत नाही. सप्टेंबरपासून दर आठवड्याला माझा संघ लीगमधल्या दुसऱ्या एखाद्या संघाशी भिडतो, ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला, म्हणजे रिसीव्हरला, गुण मिळतात ते असे: दर दहा यार्डांना एक आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला की, सहा. याला स्टँडर्ड पद्धत म्हणतात. दुसरी पद्धत पीपीआर, म्हणजे पॉइंट पर रिसेप्शन. तिच्यात हे सगळं असतंच, शिवाय प्रत्येक झेलाला वेगळा एक गुण. काही लीग मधला मार्ग काढून अर्धा गुण देतात.

हा खेळ १९६२ साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकनबाक आणि त्यांच्या मित्रांनी रचला, तेव्हा सगळा भर टचडाउनवर होता. झेलाला गुण ही फार नंतरची भर. पण या भरीने एका विशिष्ट खेळाडूचं नशीबच पालटलं.

समजा, एका रविवारी एका रिसीव्हरने सात झेलांत ७० यार्ड काढले. टचडाउन नाही. दुसऱ्याने दोनच झेल घेतले, पण ९० यार्ड आणि एक टचडाउन. स्टँडर्डमध्ये पहिल्याचे ७ गुण आणि दुसऱ्याचे १५, म्हणजे दुपटीहून जास्त. पीपीआरमध्ये पहिल्याचे १४ आणि दुसऱ्याचे १७. माणसं तीच, सामने तेच, फक्त कागदावरचा एक नियम बदलला आणि दोघे जवळपास एका पंगतीत आले. पहिला मधल्या फळीत एकेरी-दुहेरी धावा पळून पन्नाशी गाठणारा फलंदाज समजा, दुसरा षटकार मारणारा. षटकारवाला एखाद्या दिवशी सामना फिरवतो आणि पुढचे दोन सामने भोपळ्यावर बाद होतो. पळून धावा काढणारा रोज थोडं थोडं देत राहतो. स्लॉट रिसीव्हर हा त्या पहिल्या जातीचा.

स्लॉट म्हणजे कुठली जागा

चेंडू जिथून सुरू होतो त्या ओळीवर मध्यभागी पाच धिप्पाड लाइनमन वाकून उभे असतात. मैदानाच्या दोन्ही कडांना, सीमारेषेजवळ, एकेक रिसीव्हर. लाइनमन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधे जी मोकळी जागा राहते ती स्लॉट. तिथे जो उभा राहतो तो ओळीपासून पाऊलभर मागे असतो.

हे पाऊलभर अंतर फार मोलाचं. कडेच्या रिसीव्हरच्या छातीला छाती लावून बचावपटू उभा राहू शकतो, त्याला पहिल्याच पावलाला ढकलू शकतो. शिवाय त्याच्या एका बाजूला सीमारेषा असते, तिकडे पळून उपयोग नाही. स्लॉटमधल्या माणसाला असं सहज दाबता येत नाही, आणि त्याला डावी-उजवी दोन्ही बाजू मोकळ्या असतात.

वेल्करची नेहमीची चाल डोळ्यांसमोर आणा. उंची पाच फूट नऊ इंच, या खेळात अगदीच बुटका. चेंडू सुरू होतो, तो सरळ पाच-सहा यार्ड पळतो. समोरचा बचावपटू त्याच्या आतल्या खांद्यावर आहे की बाहेरच्या, एवढंच तो बघतो. आतल्या बाजूला असेल तर वेल्कर एका पायावर जोर देऊन बाहेर वळतो, बाहेरच्या बाजूला असेल तर आत. कुठे वळायचं ते आधी ठरलेलंच नसतं, म्हणून बचावपटूला अंदाज बांधता येत नाही. पण मागे उभ्या क्वार्टरबॅकलाही, म्हणजे पास टाकणाऱ्यालाही, त्याच क्षणी तेच दिसायला हवं, कारण वेल्कर वळायच्या आत चेंडू त्याच्या हातातून सुटलेला असतो. हे सगळं अडीच सेकंदांत उरकतं. सहा-सात यार्ड मिळतात, वेल्करवर दोघे जण कोसळतात, तो उठतो, आणि पुढच्या खेळीला पुन्हा तेच.

अशी खेळी थांबवणं अवघड असतं, म्हणून ती वारंवार होते, आणि वारंवार होते म्हणून तिचा भरवसा धरता येतो. स्लॉट रिसीव्हरची फॅन्टसीतली सगळी किंमत या भरवशात आहे. टीव्हीवर ती फारशी दिसत नाही, कारण क्षणचित्रांत सात यार्डांचा झेल कुणी दाखवत नाही.

न निवडलेला खेळाडू

वेल्कर ओक्लाहोमा सिटीचा, टेक्सास टेक विद्यापीठात माइक लीच यांच्या पास-प्रधान पद्धतीत घडलेला. २००४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमधले खरे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, सातही फेऱ्यांत त्याला कुणी घेतलं नाही. सॅन डिएगो चार्जर्सने करार केला आणि एका सामन्यानंतर काढून टाकलं. मग मायामी डॉल्फिन्सने उचललं, तेही मुख्यतः किक परतवण्यासाठी. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला न्यू इंग्लंडविरुद्ध मायामीचा किकर सरावात जखमी झाला. तेव्हा वेल्करने किका परतवल्या, किकऑफ मारले, एक्स्ट्रा पॉइंट मारला आणि २९ यार्डांचा फील्ड गोलही मारला. रिसीव्हर म्हणून त्याचं फॅन्टसीत तेव्हा नावही नव्हतं. पण समोरच्या कडेला पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक उभे होते.

२००५ ला २९ झेल, २००६ ला ६७ झेल आणि ६८७ यार्ड, टचडाउन एकच. पीपीआरच्या हिशोबाने २००६ चे १४२ च्या आसपास गुण. (इथे मी फक्त पासवरचे गुण धरतो, बाकी किरकोळ भर सोडून देतो.) हे आकडे ड्राफ्टमध्ये कुणाच्या नजरेत भरण्यासारखे नाहीत. २००७ च्या मार्चमध्ये पेट्रियट्सनी दुसऱ्या आणि सातव्या फेरीच्या निवडी देऊन त्याला आणलं. त्याच उन्हाळ्यात रँडी मॉसलाही आणलं, चौथ्या फेरीच्या एका निवडीवर.

मॉस आणि वेल्कर एकाच संघात, एकाच क्वार्टरबॅकसोबत खेळले. माझ्या मते फॅन्टसी समजून घ्यायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. मॉस उंच, वाऱ्यासारखा, कडेने खोल पळणारा. २००७ ला त्याने ९८ झेल, १,४९३ यार्ड आणि २३ टचडाउन केले, हा एका मोसमातल्या टचडाउन-झेलांचा विक्रम. वेल्करचे ११२ झेल, १,१७५ यार्ड, ८ टचडाउन. स्टँडर्डमध्ये मॉस २८७.३ आणि वेल्कर १६५.५, म्हणजे वेल्कर मॉसच्या ५८ टक्के. पीपीआरमध्ये ३८५.३ आणि २७७.५, म्हणजे ७२ टक्के. तरी मॉस बराच पुढे, यात वाद नाही.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. २००८ च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसल क्वार्टरबॅक झाला. त्याने कॉलेजमध्ये सुद्धा क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. आमच्या लीगमध्ये त्या रविवारी संध्याकाळी पेट्रियट्सचे खेळाडू असलेले सगळे हवालदिल. मला दोन जणांनी विचारलं, वेल्करच्या बदल्यात काय घेशील? म्हणजे पडत्या भावात काढून टाक, असा सल्ला. मी नवखा होतो म्हणूनच काही केलं नाही.

मोसम संपला तेव्हा मॉसचे झेल ९८ वरून ६९ वर आले होते, यार्ड १,००८, टचडाउन २३ वरून ११. वेल्करचे? १११ झेल, १,१६५ यार्ड. एक झेल कमी, दहा यार्ड कमी. ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक गेला आणि फरक पडला एका झेलाचा. टचडाउन मात्र ८ वरून ३ वर घसरले, कारण संघच कमी टचडाउन करू लागला होता. पीपीआरमध्ये वेल्कर २४५.५, मॉस २३५.८. त्या वर्षी पीपीआर लीगमध्ये वेल्कर मॉसच्या पुढे होता, आणि ड्राफ्टमध्ये मॉस त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

खोल पास टाकायला क्वार्टरबॅकला वेळ लागतो, ताकद लागते, नेम लागतो. सहा यार्डांचा पास नवख्या क्वार्टरबॅकलाही टाकता येतो, किंबहुना घाबरलेला क्वार्टरबॅक तोच टाकतो. झेल हे खेळाडूच्या कामाचे असतात. टचडाउन बरेचदा संघाचे असतात. चेंडू गोलरेषेपाशी पोचला की तो कुणाकडे जाईल हे नशिबावर आणि प्रशिक्षकाच्या त्या दिवशीच्या बेतावर. म्हणून मागच्या वर्षीचे टचडाउन बघून पुढच्या वर्षीचा भाव ठरवू नये. झेल बघून ठरवला तर फसगत कमी होते.

दुखापत आणि वय, दोन वेगळ्या गोष्टी

२००९ ला वेल्करने १४ सामन्यांत १२३ झेल घेतले, १,३४८ यार्ड. म्हणजे पीपीआरमध्ये दर सामन्याला वीस गुण. आणि त्यातला चौदावा सामना तर धरायलाच नको. ३ जानेवारी २०१० ला ह्यूस्टनमध्ये, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, सुरुवातीलाच एक झेल घेऊन वळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. त्याला कुणी धक्काही दिला नव्हता. मी तो क्षण टीव्हीवर बघत होतो. तो बसला, हाताने तोंड झाकलं, आणि आमच्या दिवाणखान्यात कुणी काही बोललं नाही.

आठ महिन्यांनी, २०१० च्या पहिल्या सामन्यात, तो मैदानावर होता आणि त्याने दोन टचडाउन केले. पण मोसमभराचे आकडे उतरले: ८६ झेल, ८४८ यार्ड. दर झेलामागे दहा यार्डही नाहीत. वय २९. २०११ च्या ड्राफ्टमध्ये बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की तीस लागतंय, गुडघा गेलाय, गडी संपला.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण जुन्या खेळाडूची किंमत ठरवताना लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. आकडा उतरलेला दिसतो, पण तो का उतरला हे आकडा सांगत नाही. गुडघ्याचे अस्थिबंध जोडल्यावर खेळाडू वर्षाच्या आत परततो खरा, पण पहिल्या मोसमात पायावर विश्वास पूर्ण बसलेला नसतो. दुसऱ्या मोसमात बसतो. ज्याचं सगळं काम एका पायावर जोर देऊन वळण्याचं, त्याला तर हे जास्तच लागू. वेल्करची जागा कुणी घेतली नव्हती. तो अजूनही संघात सगळ्यात जास्त झेल घेत होता. क्वार्टरबॅक तोच होता. उतरली होती ती फक्त झेलानंतरची धाव.

२०११ च्या पहिल्या सोमवारी रात्री मायामीविरुद्ध, स्वतःच्या गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावरून सुरू झालेल्या खेळीत, त्याने पास झेलला आणि ९९ यार्डांचा टचडाउन केला. एनएफएलमध्ये यापेक्षा लांब पास शक्यच नाही. पीपीआरच्या हिशोबाने त्या एका झेलाचे १६.९ गुण. दोन आठवड्यांनी बफेलोविरुद्ध १६ झेल, २१७ यार्ड, २ टचडाउन: एका सामन्यात ४९.७ गुण. तो सामना पेट्रियट्स हरले, पण ज्याच्याकडे वेल्कर होता तो त्या आठवड्यात हरला असण्याची शक्यता फार कमी. मोसमाअखेर १२२ झेल, १,५६९ यार्ड, ९ टचडाउन, पीपीआरमध्ये ३३२.९. तिशीत, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर, त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम मोसम. पुढच्या वर्षी पुन्हा ११८ झेल.

डेन्व्हर: जिथे मी चुकलो

मार्च २०१३ मध्ये पेट्रियट्सनी त्याला जाऊ दिलं. डेन्व्हर ब्रॉन्कोसने दोन वर्षांचा, १.२ कोटी डॉलरचा करार दिला. तिथे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता, आणि त्या वर्षी मॅनिंगने ५५ टचडाउन पास टाकले, जो विक्रम आहे. त्यातले दहा वेल्करने झेलले. कारकिर्दीत त्याने एका वर्षात इतके टचडाउन कधीच केले नव्हते.

तेव्हा त्याच्या मालकांना, म्हणजे मलाही, वाटलं की सोनं हाती लागलंय. पण आता तेच आकडे नीट मांडून बघा. ७३ झेल, ७७८ यार्ड, १३ सामने. पीपीआरमध्ये २१०.८ गुण, दर सामन्याला १६.२. आधीच्या वर्षी दर सामन्याला १८.१ होते, म्हणजे फार उतरले नाहीत असं वाटतं. आता दर सामन्याचे झेल बघा: २०१२ ला ७.४, २०१३ ला ५.६. यार्ड ८५ वरून ६० वर. मग गुण टिकले कसे? टचडाउनमुळे. २०१२ च्या त्याच्या गुणांत टचडाउनचा वाटा १२ टक्के होता, २००८ ला तर ७. डेन्व्हरमध्ये तो २८ टक्क्यांवर गेला. घराचा पगार कमी झालाय आणि लॉटरीच्या पैशांवर महिना निघतोय, अशी अवस्था. बाहेरून खर्च तेवढाच दिसतो.

स्टँडर्ड लीगमध्ये हे आणखी झाकलं जातं. २००८ चे त्याचे स्टँडर्ड गुण १३४.५ आणि २०१३ चे १३७.८. १११ झेलांचा खणखणीत मोसम आणि ७३ झेलांचा उतरता मोसम, दोन्हींचा भाव एकच! ज्याने फक्त शेवटचा आकडा बघितला त्याला काहीच कळलं नसतं.

आणि तीन सामने त्याचे हुकले ते का, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला डोक्याला मार बसून कन्कशन झालं, डिसेंबरमध्ये पुन्हा, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सरावाच्या सामन्यात तिसऱ्यांदा. दहा महिन्यांत तीन वेळा. स्लॉटमधून आत वळणारा रिसीव्हर मैदानाच्या मध्यभागी येतो, आणि तिथे धावत येणारे लाइनबॅकर आणि सेफ्टी हे बचावपटू त्याला बाजूने, मागून, कुठूनही आदळू शकतात. कडेच्या रिसीव्हरला सीमारेषा अडवते तशीच वाचवतेही. स्लॉटमधल्याला ते संरक्षण नाही. त्या काळात तो नेहमीपेक्षा मोठं, फुगीर हेल्मेट घालून खेळत असे. माझ्या अ‍ॅपवर त्याच्या नावापुढे खेळणार की नाही याचं एक लाल अक्षर यायचं, आणि मी त्या अक्षराकडे फक्त माझ्या संघाच्या दृष्टीने बघायचो. ते मला आज बरं वाटत नाही. फॅन्टसीत खेळाडूला शेअरसारखं मोजावं लागतं, पण डोक्याच्या दुखापतीचा इतिहास असलेल्या खेळाडूला घ्यायचं मी त्यानंतर बंद केलं. गुणांच्या दृष्टीनेही तो निर्णय योग्यच ठरतो, पण मी तो गुणांसाठी घेतला नाही.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये मात्र मी त्याला पुन्हा घेतलं होतं. दहा टचडाउन डोळ्यांसमोर होते. डेन्व्हरने तोवर इमॅन्युएल सँडर्सला आणलं होतं, आणि त्या वर्षी सँडर्सने १०१ झेल घेतले. वेल्करने ४९, टचडाउन दोन. लॉटरी लागायची थांबली आणि पगार आधीच आटला होता.

जागा मोठी की माणूस

वेल्कर गेल्यावर पेट्रियट्सनी डॅनी अमेंडोलाला पाच वर्षांसाठी ३.१ कोटी डॉलरचा करार दिला. फॅन्टसी खेळणाऱ्या प्रत्येकाने सरळ हिशोब केला: वेल्करची जागा अमेंडोलाची, म्हणून वेल्करचे झेलही अमेंडोलाचे. आमच्या तक्त्यावर त्याची पट्टी फार वर चढली. जागेबद्दलचा हिशोब बरोबर होता, माणसाबद्दलचा चुकला. अमेंडोला जखमी झाला, ५४ झेलांवर थांबला, आणि २००९ ला सातव्या फेरीत निवडलेल्या, कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या ज्युलियन एडलमनने १०५ झेल घेतले. आदल्या वर्षी त्याचे झेल होते २१. ड्राफ्टमध्ये त्याला जवळपास कुणीच विचारलं नव्हतं.

न्यू इंग्लंडमध्ये ही परंपराच होती. २००१ ला ट्रॉय ब्राउनचे १०१ झेल, मग वेल्कर, मग एडलमन. संघाच्या पद्धतीत त्या जागेकडे शंभर चेंडू जाणारच असतात, प्रश्न एवढाच की ते कोण झेलणार. म्हणून एखादा जुना स्लॉट रिसीव्हर संघ सोडतो तेव्हा दोन गोष्टी बघाव्या: तो जिथे चाललाय तिथे अशी जागा आहे का, आणि तो जिथून निघालाय तिथे मागे कोण उरलंय. दुसरी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत, आणि स्वस्तातला माल तिथेच मिळतो.

याची उलट बाजू लॅरी फिट्झजेराल्डने दाखवली. तो वेल्करसारखा बुटका नव्हे, सहा फूट तीन इंचांचा, आयुष्यभर कडेने खेळलेला. २०१३ ला अ‍ॅरिझोनात ब्रूस एरियन्स प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला आत, स्लॉटकडे सरकवायला सुरुवात केली. २०१४ ला, संघाचे क्वार्टरबॅक एकामागून एक जखमी होत असताना, त्याचे ६३ झेल आणि २ टचडाउन, पीपीआरमध्ये १५३ गुण. लोकांनी सोडून दिलं. २०१५ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १०९ झेल, १,२१५ यार्ड, ९ टचडाउन: २८४.५ गुण. पुढच्या दोन वर्षांत १०७ आणि पुन्हा १०९ झेल. वेग कमी झाला तरी वळण, हात आणि खेळाची समज टिकते, आणि स्लॉटमध्ये नेमकं तेच लागतं. वेगावर जगणारा रिसीव्हर तिशीनंतर झपाट्याने उतरतो. जो आत सरकू शकतो त्याला आणखी तीन-चार वर्षं मिळू शकतात. बाजारात मात्र दोघांचं वय एकच दिसतं, म्हणून दोघांचा भाव सारखाच पडतो.

इथे लीगचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा. दरवर्षी नवा ड्राफ्ट असलेल्या लीगमध्ये बत्तीस वर्षांचा फिट्झजेराल्ड म्हणजे फक्त येत्या सोळा सामन्यांचे गुण (आता मोसम सतरा सामन्यांचा झालाय). त्याला पस्तिशीत काय होईल याची चिंता तुमची नाही. खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतो अशा डायनॅस्टी लीगमध्ये मात्र तो कधी विकायचा हाच मोठा प्रश्न. तिथे विकण्याची वेळ म्हणजे वेल्करचा २०१३ चा ऑक्टोबर: टचडाउन धो धो येताहेत, सगळे त्याच्याबद्दल बोलताहेत, आणि दर सामन्याचे झेल गुपचूप कमी झालेत.

किंमत म्हणजे नुसते गुण नव्हेत, हेही इथेच सांगून टाकतो. समजा, लीगमध्ये कुणीही न घेतलेला, फुकट मिळणारा रिसीव्हर दर आठवड्याला ८ गुण देतो. मग १५ गुण देणाऱ्याची खरी किंमत ७. पीपीआरमध्ये झेलांमुळे मधल्या फळीतले सगळेच रिसीव्हर वर येतात, त्यामुळे फुकट मिळणाराही वर येतो. म्हणून वर्षाला साठ झेल घेणाऱ्या स्लॉट रिसीव्हरला पीपीआर आहे म्हणून लवकर घेण्यात अर्थ नाही, तसे चार उरलेलेच असतात. शंभराच्या वर झेल घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तसे मोजकेच असतात, आणि वेल्करने सहा वर्षांत पाच वेळा ते केलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये सेंट लुइस रॅम्सने त्याला मोसमाच्या मध्यात बोलावलं. आठ सामने, १३ झेल, १०२ यार्ड. फॅन्टसीत आमच्याकडे त्याला कुणी घेतलं नाही, मीही नाही. कारकिर्दीची बेरीज झाली ९०३ झेल, ९,९२४ यार्ड, ५० टचडाउन. दहा हजार यार्डांना ७६ कमी.

त्या बेरजेचं पीपीआर गणित मी एकदा बसून केलं. एकूण २,१९५ गुण, त्यातले ९०३ केवळ चेंडू हातात आला म्हणून, म्हणजे ४१ टक्के. रँडी मॉसचं केलं तर ९८२ झेल, १५,२९२ यार्ड, १५६ टचडाउन: ३,४४७ गुणांत झेलांचा वाटा २८ टक्के. वेल्करचे ते ९०३ गुण काढून टाकले की उरतात १,२९२. २००८ च्या त्या रात्री नियमांच्या कागदावर ती एक ओळ नसती, तर माझ्या हातात एवढाच खेळाडू आला असता.